नऊ दाबा

आमच्या इमारतीच्या दारावरचा फोन बिघडला आणि तो दुरुस्त करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की मी सोसायटीच्या बोर्डाचा सेक्रेटरी आहे आणि एका मीटिंगमध्ये बोलता बोलता 'माझे वडील टेलिफोन खात्यात होते' असं म्हणून गेलो होतो. डॉक्टरच्या मुलाला कुणी इंजेक्शन टोचायला सांगत नाही; लाइनमनच्या मुलाला मात्र ही सवलत नाही.

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांवर आमची चार मजली, विटांची, 42 फ्लॅटची इमारत आहे. हा अंक भारतातले नातेवाईकही वाचतात, म्हणून आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वॉचमन नसतो. मुख्य दाराला (सगळे त्याला गेटच म्हणतात) बाहेरच्या बाजूला स्टीलची एक पेटी बसवलेली असते. तिच्यावर छोटा पडदा आणि आकड्यांची बटणं. पाहुण्याने पडद्यावर आपलं आडनाव शोधायचं, त्याच्यासमोरचा तीन आकडी कोड दाबायचा. मग ती पेटी, आपण लावतो तसाच, आपल्याला फोन लावते. आपण उचलायचा, कोण आहे ते विचारायचं आणि आपल्या फोनवर नऊ दाबायचा. पेटीला नऊ ऐकू आला की दाराचं कुलूप काही सेकंद सुटतं. पाहुणा आत. न पाहता, जागचं न उठता दार उघडायची ही सोय.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आई कायमची आमच्याकडे राहायला आली. दिवसभर घरी तीच असते, म्हणून पेटीत आमच्या नावापुढे मी तिचाच मोबाइल नंबर घातला, आणि तिच्या मोबाइलमध्ये पेटीचा नंबर 'गेट' या नावाने साठवून ठेवला. 'गेट' दिसलं की उचलायचं, ओळख पटली की कीपॅड उघडून नऊ दाबायचा, असं शिकवलं. पहिल्या आठवड्यात फोन कानाला लावला की पडदा काळा व्हायचा आणि तिला नऊ सापडायचा नाही. तोवर पार्सलवाला निघून जायचा. मग तिने फोन आधी समोर धरून बोलायची युक्ती काढली आणि तिचं जमलं.

"पण नऊच का रे?" तिने विचारलं होतं.

"ठरलेलं आहे तसं," मी म्हटलं. खरं तर आकडा बदलता येतो. पण बहुतेक ठिकाणी नऊच ठेवतात.

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये गेटच्या तक्रारींचा पाऊस पडला. देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने पेटी उघडली, कोळ्याची जाळी काढली, पेटी बंद केली आणि 'ही जुनी झाली, नवीन बसवा' असं सांगून सहा हजार डॉलरच्या घरातलं कोटेशन पाठवलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन आठवडे द्या, आधी मी बघतो."

बघतो म्हटलं खरं, पण मी पेशाने अकाउंटंट. मला फोनचं जे काही कळतं ते अण्णांच्या सायकलच्या मागे बसून कळलेलं.

अण्णा कऱ्हाडला लाइनमन होते. पावसाळ्यात तारा ओल्या झाल्या की अर्ध्या गावाचे फोन बंद पडायचे आणि अण्णा शिडी, पक्कड आणि तपासणीचा फोन घेऊन निघायचे. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे. फॉल्ट शोधायची त्यांची एक पद्धत होती. ते गिऱ्हाइकाच्या घरापासून सुरुवात करत नसत आणि एक्स्चेंजपासूनही नाही. मधल्या खांबावरच्या डब्यात लाइन सोडवायचे, आपला फोन जोडायचे आणि ऐकायचे. एक्स्चेंजकडून आवाज येतोय ना? मग बिघाड घराच्या बाजूला. येत नाही? मग मागे. "टोकापासून चाचपडत बसलं तर दिवस जातो," ते म्हणायचे. "मधे उभं राहायचं आणि विचारायचं, इकडं का तिकडं?" उरलेल्या अर्ध्या भागाचेही पुन्हा दोन भाग करायचे. कधी कधी ते वायर दातांनी सोलायचे, आणि नेमकी त्याच वेळी कुणाची घंटी आली की ओठाला झटका बसायचा. बोलायच्या लाइनवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, पण घंटीसाठी पाऊणशे-नव्वद व्होल्ट येतात, हे मी शाळेत नाही, अण्णांच्या तोंडच्या शिवीवरून शिकलो.

त्यांची दुसरी सवय म्हणजे, दुरुस्ती झाल्यावर लगेच सायकलवर टांग टाकायची नाही. घरच्या माणसाला बोलावून म्हणायचे, "आता एक फोन करून दाखवा आणि एक घेऊन दाखवा." आपण केला-घेतला तो धरायचा नाही. ज्याला वापरायचा त्याने करायचा. मगच सही घ्यायची.

रात्री-अपरात्री बोलावणं पाठवायला सोपं पडावं म्हणून खात्याने आमच्या घरी फोन दिला होता. गल्लीत तेवढा एकच. त्या काळी अर्ज करून वर्षानुवर्षं फोन मिळत नसे. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आमचाच नंबर पुढे 'पी.पी.' लिहून पाहुण्यारावळ्यांना दिलेला. फोन वाजला की आई चुलीवरचं सोडून धावायची. "धरा हं, बोलावते," असं सांगून रिसीव्हर बाजूला ठेवायची आणि मला पिटाळायची. कुणाच्या मुलीला मुलगा झाला, कुणाचा भाऊ मुंबईत वारला, कुणाला नोकरीचं बोलावणं आलं, सगळं आधी आईला कळायचं. कुणाचा फोन आहे हे उचलेपर्यंत कळायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक फोन उचलायचाच.

असो. तर त्या शनिवारी मी कागद घेऊन तक्रारी वेगवेगळ्या केल्या. 'गेट चालत नाही' या एका वाक्याखाली तीन निरनिराळी दुखणी निघाली. काही जणांना फोन येतो, नऊ दाबला की टक असा आवाजही होतो, पण दार उघडत नाही. काही जणांना फोन येतो, पण नऊ दाबून उपयोग होत नाही. आणि काही जणांना फोनच येत नाही. कंपनीच्या माणसाने तिन्हींवर एकच औषध दिलं होतं.

मी मधे उभा राहिलो. म्हणजे पेटीपाशी. पेटीवर रहिवाशांसाठी एक वेगळा कोड असतो; तो दाबला की फोन न लावताच दार उघडतं. तो दाबला. टक आवाज आला. म्हणजे पेटीतला रिले चालतो, वीज पोचते, कुलपापर्यंतची तार शाबूत आहे. दार ओढलं, हललं नाही. पुन्हा कोड दाबला आणि या वेळी दार आधी जरा आत ढकललं, मग ओढलं. अलगद उघडलं. उन्हाळ्यात आम्ही दाराच्या चौकटीला रबराची नवी जाड पट्टी लावली होती, हिवाळ्यात वारा आत येऊ नये म्हणून. ती पट्टी दाराला बाहेर रेटत होती. त्यामुळे कुलपाची जीभ चौकटीतल्या खटक्यावर दाबून बसायची आणि खटका सुटूनही हलायचा नाही. पट्टी त्या जागी तासून पातळ केली. पहिलं दुखणं गेलं; खर्च, एका ब्लेडचा.

दुसऱ्याला वेळ लागला. नऊ दाबला की नेमकं काय होतं, हे त्यासाठी समजून घ्यावं लागतं. कऱ्हाडच्या काळ्या फोनवर नऊ फिरवला की तबकडी परत येताना लाइन नऊ वेळा तुटायची आणि जुळायची. एक्स्चेंज ते मोजायचं. बटणांचे फोन अमेरिकेत 1963 साली आले, तेव्हापासून आकड्यांना सूर मिळाले. प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम. नऊचे 852 आणि 1477 हर्ट्झ. पेटीचा कान त्या जोडीकडेच लागलेला असतो. दोन्ही सूर स्वच्छ आणि पुरेसा वेळ ऐकू आले तरच ती दार उघडते.

आमची लाइन आधी तांब्याच्या तारेची होती. तिचं बिल सारखं वाढत होतं, म्हणून मार्चमध्ये आम्ही ती बंद केली आणि इंटरनेटवरून चालणारी स्वस्त लाइन घेतली. ठराव माझाच. आता पेटीची फोनची जोडी काढून मी तिथे साधा वायरचा फोन जोडला. त्यावरून माझ्या मोबाइलला फोन लावला, मोबाइलवर नऊ दाबला आणि वायरच्या फोनला कान लावला. सूर कापल्यासारखा, थरथरत येत होता. इंटरनेटवरच्या काही लाइनी जागा वाचवायला आवाज दाबून पाठवतात. माणसाचं बोलणं दाबलं तरी आपल्याला कळतं, कारण आपण अंदाजाने भर घालतो. पेटी अंदाज करत नाही. लाइन देणाऱ्या कंपनीत तीन माणसांशी बोलून, चौथ्याला समजावून, या लाइनवरचा आवाज न दाबता पाठवायची सेटिंग करून घेतली. पुन्हा नऊ दाबला. भरीव, अखंड सूर आला आणि दार टक झालं. एवढ्या वेळात मला झालेला हा पहिला आनंद.

आता उरले, ज्यांना फोनच येत नाही ते. मी सगळ्यांना ईमेल केली: पुढच्या शनिवारी दहा ते बारा घरी थांबा, मी खालून एकेकाला फोन लावणार आहे.

त्या दिवशी गेटवर स्टूल टाकून बसलो आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. 42 पैकी 31 जणांनी उचलला आणि नऊ दाबून दार उघडलं. त्यात एक गंमत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका नावावर फोन लावला तर एका गृहस्थाने उचलला, 'हॅलो'सुद्धा नीट न म्हणता नऊ दाबला. दार उघडलं! मी विचारलं, तुम्ही कुठल्या फ्लॅटमध्ये? ते म्हणाले, टेक्सासमध्ये. दीड वर्षापूर्वी ते इथून गेले होते; पेटीतलं त्यांचं नाव आणि नंबर कुणी काढलाच नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या बिचाऱ्या भाडेकरूची पार्सलं त्यांच्याच नावावर फोन लावून आत येत होती. "रोज कोणीतरी खोळंबलेलं असतं, म्हणून मी आपला दाबतो," ते म्हणाले. दीड वर्षं टेक्सासमधून जर्सी सिटीतलं दार उघडणाऱ्या त्या सज्जनाचे मी आभार मानले आणि त्यांचा नंबर पुसून टाकला. मनात मात्र चर्र झालं. पेटीतली यादी तपासणं हेही माझंच काम होतं.

न उचलणारे अकरा राहिले. चौघे घरी नव्हते, त्यांनी तसं कळवलं होतं. उरले सात, त्यांतला एक फ्लॅट माझा. आई घरी आहे हे मला माहीत होतं. मी निघताना ती खिडकीशी मेथी निवडत बसली होती. मी आमचा कोड दाबला. पेटीच्या स्पीकरमधून घंटी ऐकू येत होती. एक, दोन, तीन, चार. मग माझाच आवाज आला. इंग्रजीत. मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, निरोप ठेवा. आईच्या मोबाइलचा व्हॉइसमेलचा निरोप मीच माझ्या आवाजात भरून ठेवला होता.

मी वर गेलो. आई तिथेच बसली होती. फोन तिच्या मांडीजवळ, पडदा वर.

"फोन वाजला का गं आत्ता?"

"नाही बाबा. फोन कुठला वाजतोय माझा."

हे वाक्य मी त्याआधी अनेकदा ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ 'तिला करमत नाही' असा लावला होता.

एप्रिलमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी हवा बरी असली की ती कोपऱ्यावरच्या बागेत जायची. तिथल्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या. एक बडोद्याच्या बा, आणि एक नागपूरच्या काकू, आमच्याच रस्त्यावर मुलाकडे आलेल्या. फोन नंबर वगैरे त्यांनी एकमेकींना दिले नव्हते. घर माहीत होतं, पेटीवर आडनाव होतं, तेवढं पुरे. ऑपरेशननंतर आईचे दोन-तीन महिने घरातच गेले. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांना मी पहिल्याच दिवशी दाराचा कोड देऊन ठेवला होता. त्यांच्याखेरीज कुणी आलं नाही. आपल्याकडे कुणाचं बोट कापलं तरी लोक समाचाराला येतात. आईने मे महिन्यात एकदा विचारलं, "त्या काकूंना माझं ऑपरेशन झालेलं माहीत असेल ना रे?" मी म्हटलं, असेल. जूनमध्ये तिने विचारलं नाही. ऑगस्टच्या शेवटी ती काठी घेऊन बागेपर्यंत गेली, तर बांनी सांगितलं, काकू गेल्या, कायमच्या नागपूरला. आई घरी येऊन म्हणाली, "सांगूनसुद्धा गेल्या नाहीत. इथली माणसं अशीच." बांशीही ती त्या दिवशी दोनच वाक्यं बोलून परत आली होती, हे मला नंतर कळलं.

मी तिचा फोन हातात घेतला आणि आलेल्या फोनांची यादी उघडली. पाच मिनिटांपूर्वीचा न घेतलेला फोन, नाव नाही, नुसता नंबर. त्याच्याखाली आठवड्यापूर्वी तोच नंबर. आणखी खाली पुन्हा तोच.

तो गेटचा नंबर होता. नवा.

सगळं लक्षात यायला मला मिनिटभरही लागलं नाही. जानेवारीत आईला एक फोन आला होता. सरकारी कचेरीतून बोलतोय, तुमचा नंबर गुन्ह्यात सापडलाय, पैसे भरा नाहीतर पोलीस येतील, असा. आईने पैसे दिले नाहीत, पण दोन दिवस तिला झोप नव्हती. त्या रात्री मी तिच्या आयफोनमध्ये अनोळखी फोन गप्प करायची सोय चालू केली. 2019 पासून ही सोय आहे. साठवलेल्या नंबरांखेरीज बहुतेक कुणाचाही फोन आला तर तो वाजतच नाही, परस्पर व्हॉइसमेलकडे जातो. शिवाय आईला ताकीद दिली, यादीत अनोळखी नंबर दिसला तर परत फोन करायचा नाही. आई माझं ऐकते. तेव्हा गेटचा नंबर 'गेट' म्हणून साठवलेला होता, त्यामुळे तो वाजत राहिला. मार्चमध्ये आम्ही लाइन बदलली तेव्हा जुना नंबर गेला, नवा आला. आईच्या फोनच्या दृष्टीने त्या दिवसापासून आमचं गेट अनोळखी झालं.

'गेटचा नंबर बदलला आहे, कृपया नवीन नंबर साठवून ठेवा' अशी ईमेल बेचाळीस घरांना गेली होती. ती मीच लिहिली होती. आईला ईमेल नाही. माझ्या फोनमध्ये मी नंबर साठवला, माझ्याच फोनवर गेटवरून फोन लावून बघितला, नऊ दाबला, त्या दिवशी दार उघडलं, आणि बोर्डाला लिहून दिलं: तपासले, व्यवस्थित. एक फोन केला, एक घेतला. पण ज्याला वापरायचा होता त्याने नव्हे.

आईच्या व्हॉइसमेलमध्ये 27 निरोप होते. तिथे निरोप साठतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बरेचसे फसवणुकीचे आणि जाहिरातींचे. अकरा गेटवरचे. आम्ही दोघांनी बसून ऐकले.

एप्रिलच्या शेवटचा पहिला. मागे गाड्यांचा आवाज, मग काकूंचा. "अहो वहिनी, मी खाली उभी आहे. तुमच्या पायाला बघायला आले होते. झोपला असाल. येते पुन्हा." चार दिवसांनी बा, गुजराती वळणाच्या हिंदीत, त्यांनी खमण आणलं होतं. मग पुन्हा काकू: "वहिनी, बटण दाबलं की कुणी पुरुष इंग्रजीत बोलतो. तुमचा मुलगा असावा. मला काय म्हणतात ते कळत नाही हो." जूनमध्ये दोघी एकदम, एकमेकींना काय दाबायचं ते सांगताहेत, निरोप नाहीच, नुसता तो गोंधळ मिनिटभर. आई तिथे हसली. जुलैत बा एकट्या. ऑगस्टमध्ये काकू तीनदा. शेवटचा निरोप असा होता: "मी परवा निघाले. आता या वयात परत येणं काही व्हायचं नाही. भेटून जावं म्हणून आले होते. डिंकाचे लाडू केलेत, गुडघ्याला बरे, दाराशी ठेवून जाते. मुलाला सांगा घ्यायला. सांभाळा."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रागावेल. तिने फोन माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "म्हणजे आल्या होत्या."

"हो."

"अकरा वेळा."

हे ती मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती. सगळ्या गल्लीला फोनवर बोलावणारी ही बाई. तिच्या दाराशी अकरा वेळा माणसं उभी राहिली आणि तिला एकदाही हाक ऐकू गेली नाही. मी तिला चोरांपासून वाचवायला गेलो होतो. चोर आणि काकू यांच्यातला फरक त्या फोनला कळत नाही, आईला कळतो. तिने उचलला असता तर आवाजावरूनच ओळखलं असतं, जसं कऱ्हाडला ओळखायची.

आणखी एक गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. ऑगस्टच्या शेवटी कामावरून येताना दाराशी दह्याचा एक प्लास्टिकचा डबा ठेवलेला मला दिसला होता. दाराशी खाणं ठेवलं की मुंग्या लागतात, असा आमच्या बोर्डाचा नियम आहे. मी तो उचलला आणि न उघडता कचऱ्यात टाकला. हा अंक दिवाळीत घरी येईल, आई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, तेव्हा तिला कळेलच. तोंडाने सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला.

त्याच संध्याकाळी मी काकूंच्या मुलाकडे जाऊन त्यांचा नागपूरचा नंबर आणला. रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळी सातला, आईने फोन लावला. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि तिला भूक लागली होती.

उरलेल्या सहा फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या दिवशी गेलो. सहाही ठिकाणी हाच प्रकार निघाला: अनोळखी फोन गप्प केलेले आणि गेटचा नवा नंबर साठवलेला नाही. चार घरांत दिवसा घरी असणारी माणसं सत्तरीच्या पुढची होती. पेटीत काहीही बिघाड नव्हता. सहा हजार डॉलरची नवी पेटी बसवली असती तरी तिनेही त्याच गप्प फोनांना फोन लावला असता.

बोर्डाला मी जो अहवाल दिला त्यातल्या चार ओळी इथे देतो, कारण हा अंक वाचणाऱ्या बऱ्याच घरांत आई-वडील राहायला आलेले असतील. गेटचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावाने साठवा. लाइन बदलली की नंबर बदलला का ते विचारा. व्हॉइसमेल कुठे असतो ते त्यांना दाखवा, आणि निरोप त्यांच्या भाषेत भरा. आणि खाली जाऊन स्वतः कोड दाबा, वर त्यांनी उचलून नऊ दाबेपर्यंत तिथेच थांबा. आपल्या फोनवर तपासलेलं धरू नका.

आईच्या व्हॉइसमेलवर आता तिचाच आवाज आहे. "मी आहे घरी. पुन्हा एकदा बटण दाबा." एवढंच. ते मराठीत आहे, पण बांना कळतं.

गेल्या गुरुवारी मी घरून काम करत होतो. आईचा फोन वाजला, पडद्यावर 'गेट'. तिने तो समोर धरला, "कोण? बा? या, या," म्हणाली आणि नऊवर बोट ठेवलं. खालून टक ऐकू यायला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो; तिथपर्यंत आवाज येत नाही.

"झालं गं, सोड आता," मी म्हटलं. "एकदा दाबलं की पुरे असतं."

"असू दे," आई म्हणाली. "त्या हळू चालतात."

बा लिफ्टने वर येऊन दारावर थाप मारेपर्यंत तिने बोट काढलं नाही.